मुंबईची गे नाइटलाइफ : वर्धा-यवतमाळकडून जाणाऱ्यांसाठी नेमकी माहिती हवी

पऱ्हाटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातून लिहितोय. कापसाचा पहिला चुकारा हातात आला की एक शनिवार-रविवार मुंबईला काढायचा विचार आहे. वय 27, सोबत कोणी नाही. नेटवर शोधलं की लंडन-न्यूयॉर्कच्या गल्ल्या दिसतात. मुंबईचं काही नीट हाती लागत नाही. अंधेरी किंवा कुलाब्यात 'गे बार' अशी पाटी लावलेलं काही असतं का? दारात काय विचारतात? किती पैसे लागतात? रात्री परत कुठे जायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. 'सांभाळून जा' एवढाच सल्ला असेल तर तो आई रोज देतेच.

रातराणी

पहिली गोष्ट, पाटी वगैरे काही नसते. आठवडाभर रोज रात्री गे म्हणूनच चालणारा बार मुंबईत शोधायला गेलात तर गल्ल्या तुडवून पाय दुखतील. इथे बार शोधायचा नसतो, वार शोधायचा असतो. एरवी कुटुंबासकट लोक जेवायला येतात तोच पब एखाद्या शनिवारी आयोजक भाड्याने घेतात आणि तेवढ्या रात्रीपुरता तो आपला होतो. पुढच्या महिन्यात तीच मंडळी दुसऱ्या जागी असतात.

ही पद्धत जुनी आहे. कुलाब्याला ताजच्या मागच्या बाजूला आर्थर बंदर रोडवर 'वूडू' नावाचा पब होता, तिथली शनिवारची रात्र प्रसिद्ध होती. तो आता नाही, पण जुने ब्लॉग वाचून लोक अजून पत्ता विचारत फिरतात. 'गे बॉम्बे' हा गट 1998 पासून आहे. त्यांच्या पार्ट्या होतात, आणि दिवसाच्या, दारू नसलेल्या भेटीही होत आल्या आहेत. सहारजवळच्या ललित हॉटेलातल्या 'किटी सू' क्लबने ड्रॅगच्या (बहुधा पुरुषांनी स्त्रीवेशात नटून केलेल्या) कार्यक्रमांना मोठं व्यासपीठ दिलं. त्या हॉटेल समूहाचे केशव सुरी हे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 विरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलेल्यांपैकी एक. पण तिथेही कुठल्याही वारी जाऊन उभं राहायचं नाही. त्या आठवड्याचा कार्यक्रम बघूनच जायचं.

तारीख कळते इन्स्टाग्रामवर, बहुतेकदा आठवडा-दहा दिवस आधी. आयोजकाचं पान किती वर्षं चालू आहे, मागच्या पार्ट्यांच्या पोस्टखाली खऱ्या माणसांच्या प्रतिक्रिया आहेत का, हे बघा. तिकीट नेहमीच्या बुकिंग अ‍ॅपवर असेल तर उत्तम. नुसता व्हॉट्सअ‍ॅप नंबर, कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर आगाऊ पैसे आणि 'जागा पैसे भरल्यावर सांगू' असा प्रकार असेल तर सोडून द्या. 2018 च्या आधी जागा लपवण्याला कारण होतं. आता कशाला लपवतील?

ठेचा_भाकर

भाऊ, वर्धा जिल्ह्यातून मुंबईले दारू प्यायले जाणं म्हणजे सेवाग्रामच्या बापूजीच्या डोळ्यादेखत झालं बाप्पा 😀 मजा सोडा, कामाचं सांगतो. येताना बाटली आणू नका. वर्धा आन् गडचिरोली दोन्ही दारूबंदीचे जिल्हे हायेत, गडचिरोलीत 1993 पासून. चंद्रपूरची बंदी 2015 ले लागली, 2021 ले उठली, पण वर्ध्याची हाये तशीच हाये. स्टेशनावर पिशवी तपासली तं बाटलीपायी अर्धी रात्र ठाण्यात जाते, आन् मंग 'मुंबईले कायले गेलता' ह्या प्रश्नाचंही उत्तर द्या लागते.

कवेलू

प्रवासाचं मी सांगतो. हिशेब परतीपासून मागे करायचा, म्हणजे चुकत नाही.

वर्ध्याहून शुक्रवारी संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस धरा. शनिवारी पहाटे-सकाळी दादर. रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास तीच गाडी सीएसएमटीवरून सुटते, सोमवारी सकाळी वर्धा. दोन रात्री गाडीत गेल्या, म्हणजे खोली एकाच रात्रीची लागते. पुलगाव-धामणगावकरांनाही हीच गाडी. यवतमाळवाल्यांनी धामणगाव नाहीतर बडनेरा गाठावं. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि पार्टीची तारीख दहा दिवस आधी कळते. म्हणून पार्टीची वाट न बघता महिन्यातला एखादा शनिवार धरून तिकीट काढून ठेवा. फार तर रद्द कराल. तत्काळवर विसंबू नका. जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो नंबर वडिलांचा असेल तर तिकिटाची बातमी तुमच्या आधी त्यांना.

खोली कुठे घ्यायची? पार्टी जिथे असेल त्याच भागात. इथेच बहुतेकांची गल्लत होते. स्वस्त मिळाली म्हणून दादर-भायखळ्याला खोली घेतात, पार्टी अंधेरी पूर्वेला असते. मेट्रो रात्री साडेअकरा-बाराच्या सुमारास थांबते, लोकल साधारण एकनंतर बंद आणि पुन्हा चारच्या पुढे. पब दीडला बंद होतो. म्हणजे दीड ते चार तुम्ही रस्त्यावर, मोबाइल आठ टक्के. हीच ती वेळ, जेव्हा 'चल, माझ्या फ्लॅटवर ये' हे वाक्य फार गोड वाटतं.

अंधेरी पूर्वेला जायचं तर दादरहून पश्चिम रेल्वेची लोकल, अंधेरीला उतरून घाटकोपरकडची मेट्रो, मग एअरपोर्ट रोड किंवा मरोळ नाका. मरोळ-साकीनाका पट्ट्यात दीड-दोन हजारात साधी खोली मिळते. दुपारी बाराला ताबा, दुसऱ्या दिवशी बाराला सोडायची. शनिवारी सकाळी लवकर पोचलात तर आधी फोन करून विचारा, काही जण थोडे पैसे घेऊन लवकर देतात. रविवारी दुपारपासून गाडीपर्यंत सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप हवंच, नाहीतर घेत नाहीत, आणि तिकीट दाखवावं लागतं.

दोन पुरुषांनी एक खोली घ्यायला अडचण येत नाही. मुलगा-मुलीला जेवढे प्रश्न विचारतात त्याच्या निम्मेही विचारत नाहीत. फक्त दोघांची ओळखपत्रं आधी द्या. एकाच्या नावावर खोली आणि मध्यरात्री दुसरा आत, असं केलं की काउंटरवरचा माणूस आवाज चढवतो.

पऱ्हाटी (धागाकर्ता)

कवेलू, असंच पाहिजे होतं. दाराशी आणि आत काय होतं तेही कोणीतरी लिहा.

बर्फगोळा

दाराशी: मूळ ओळखपत्र. वाहन परवाना सगळ्यात बरा, कारण त्यावर आधार क्रमांक नसतो. आधारच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवा. महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21, बाकी दारूला 25 पूर्ण लागतात. कायद्याने पिण्याचा परवानाही लागतो. एका दिवसाचा 5 रुपयांचा असतो आणि तो बारवालेच फाडतात.

चप्पल, हाफ पँट नको. बूट साधे चालतील. एरवी पबमध्ये एकट्या पुरुषाला 'स्टॅग' म्हणून अडवतात, गे नाइटला तो प्रश्नच नाही. साडी, मेकअप, विग घालून जायचं असेल किंवा तुम्ही ट्रान्स असाल तर आयोजकाला आधी मेसेज करून विचारा. बहुतेक ठिकाणी स्वागत होतं, पण जागेचे बाउन्सर दुसऱ्याचे असतात आणि त्यांना सांगितलेलं नसलं की दारात अपमान होतो. उत्तर लेखी असलं की दारात दाखवता येतं.

दहाच्या आधी जाऊ नका, आत फक्त डीजे आणि वेटर असतात. गर्दी साडेअकरानंतर. पण गेस्ट लिस्टची सवलत बहुधा अकरापर्यंतच, म्हणून साडेदहा ही बरी वेळ. मनगटाला पट्टी बांधतात नाहीतर शिक्का मारतात. काही ठिकाणी बाहेर पडलं की पुन्हा आत घेत नाहीत. सिगारेटला बाहेर पडण्याआधी विचारा.

पैसे: कव्हर साधारण आठशे ते पंधराशे. त्यातले किती आत दारू-खाण्यात वळते होतात हे तिकिटावर वाचा. 'कव्हर' आणि 'एंट्री' यांत फरक असतो, एंट्रीचे पैसे गेले ते गेले. मेनूकार्डावरच्या भावावर कर वेगळा. दारूवर राज्याचा व्हॅट लागतो, जीएसटी नाही. खाण्यावर साध्या रेस्टॉरंटात 5 टक्के, मोठ्या हॉटेलातल्या क्लबात 18. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतो. हळू आवाजात सांगा, काढतात.

सगळा खर्च धरा: स्लीपरने जाऊन-येऊन नऊशे, खोली दोन हजार, कव्हर बाराशे, आतलं दीड हजार, लोकल-रिक्षा-कॅब आठशे. साडेसहा हजारात होतं. हजार रुपये रोख बुटात नाहीतर मोबाइलच्या कव्हरमागे वेगळे.

एक पिण्याबद्दल. आपल्याकडे मोहाच्या दारूची सवय असलेला माणूस कॉकटेलला सरबत समजतो. 'लाँग आयलंड' नावाच्या त्या गोड चहाच्या रंगाच्या ग्लासात चार-पाच प्रकारची दारू असते, मिळून 60 ते 75 मिली, म्हणजे एक मोठा पेग किंवा जास्तच. वर गोड असल्याने दहा मिनिटांत संपतो. एकट्याने गेलात तर 330 मिलीच्या दोन पाइंट बिअर, मध्ये पाणी, बस. ग्लास बारवरून स्वतः घ्या. नाचायला जाताना टेबलावर ठेवलेला परत उचलू नका, तो तिथेच गेला समजा.

ड्राय डे बघून जा. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, अनंत चतुर्दशी, शिवाय मतदान संपेपर्यंतचे 48 तास.

सांजवात

सगळे प्रतिसाद पुरुषांसाठीचे. बायकांनी काय करायचं?

रातराणी

खरं आहे, सांजवात. 'गे नाइट' म्हणजे नव्वद टक्के पुरुषच. बायकांना अडवत नाहीत, कव्हर कमी किंवा माफ असतं, पण तिथे आपल्यासारखी कोणी भेटेल ही अपेक्षा ठेवून जाऊ नका. बायकांच्या भेटी बारपेक्षा गटांतून होतात. मुंबईत 'लेबिया' हा गट 1995 पासून आहे, सुरुवातीला नाव 'स्त्री संगम' होतं. हमसफर ट्रस्ट या एलजीबीटी लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा 'उमंग' गट लेस्बियन, बायसेक्शुअल स्त्रिया आणि ट्रान्स व्यक्तींसाठी आहे. आधी अशा गटाच्या दिवसाच्या भेटीला जा, तिथल्या ओळखीने रात्रीचं ठरवा. जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या प्राइडच्या (एलजीबीटी लोकांच्या वार्षिक मिरवणुकीच्या) आसपास गेलात तर उत्तम. त्या दिवसांत कार्यक्रमांची रेलचेल असते आणि बायकांसाठी वेगळ्या बैठकाही होतात. दारू प्यायची नसेल त्यांच्यासाठीही तोच काळ सगळ्यात सोयीचा.

संत्रामंडी

मुंबईच कशाला? नागपूर वर्ध्याहून दीड तासावर आहे. तिथे आपल्या लोकांसाठी काम करणारा सारथी ट्रस्ट आहे, 2016 पासून ऑरेंज सिटी प्राइड निघते. चार माणसं ओळखीची झाली की मुंबईला एकट्याने जावं लागणार नाही.

कवेलू

मान्य, पण अर्धंच. नागपूरला आपल्या गावचा निम्मा तालुका दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, बियाण्यासाठी रोज जातो. सीताबर्डीवर कोण भेटेल सांगता येत नाही. मुंबईला लोक अनोळखी व्हायलाच जातात. ट्रस्टच्या ऑफिसात भेटून माणसं जोडा, यात दुमत नाही.

डोज

औषध दुकानाच्या काउंटरमागून थोडं.

कंडोम इथूनच नेऊ नका, खिशात-डब्यात उन्हाने खराब होतात. मुंबईत दुकानात घ्या, तारीख बघा. सोबत पाण्यावर आधारित जेल. खोबरेल तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन चालत नाही. तेलाने लॅटेक्स मिनिटांत कमकुवत होतं आणि फाटलेलं कळतही नाही.

प्रेप म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून संबंधाआधी घ्यायची गोळी: टेनोफोविर 300 आणि एमट्रिसिटाबिन 200 मिलीग्रॅम एकत्र. डॉक्टरची चिठ्ठी लागते. सुरू करण्याआधी एचआयव्ही, कावीळ बी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासा. पुरुष-पुरुष संबंधांसाठी 'दोन-एक-एक' पद्धत आहे: संबंधाच्या 2 ते 24 तास आधी दोन गोळ्या, पहिल्या डोजनंतर 24 तासांनी एक, 48 तासांनी एक. कावीळ बी असेल तर ही पद्धत नाही चालत, डॉक्टर सांगतील तसंच. आणि सिफिलिस, गनोरिया प्रेपने थांबत नाही.

पेप म्हणजे नंतरची: 72 तासांच्या आत सुरू, 28 दिवस रोज. आता कवेलूंच्या वेळापत्रकावर हे बसवा. शनिवारी रात्री दोनला कंडोम फाटला तर मुदत मंगळवारी रात्री दोनपर्यंत. गाडी वर्ध्याला सोमवारी सकाळी. म्हणजे वेळ आहे असं वाटतं, पण जितका उशीर तितका उपयोग कमी. रविवारी सकाळीच मुंबईत डॉक्टर गाठा. सरकारी दवाखान्यात कधी टोलवाटोलवी होते. झाली तर खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर सुरू करा, वाद नंतर घाला.

तपासणी गावाजवळ करायची तर ग्रामीण रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, मोफत आहे. 2017 च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे संमतीशिवाय तपासणी आणि परवानगीशिवाय निकाल सांगणं बेकायदा आहे. तरीही तालुक्याच्या जागी समुपदेशक शेजारच्या वाड्यातला निघतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मग दुसऱ्या तालुक्याला जा, कुठलंही आयसीटीसी चालतं. किंवा मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात हमसफर ट्रस्टमध्ये. हेल्पलाइन 1097.

पार्टीत कोणी छोट्या बाटलीतलं पॉपर (नशेसाठी हुंगायचं रसायन) हुंगायला दिलं आणि तुम्ही व्हायग्राची गोळी घेतली असेल तर हात लावू नका. दोन्ही मिळून रक्तदाब एकदम कोसळतो.

वकीलपत्र

कायद्याचं थोडक्यात. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने प्रौढांमधले संमतीचे खासगी संबंध 377 च्या बाहेर काढले. लग्नाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात मिळाला नाही. बारमध्ये जाणं, नाचणं, दोन पुरुषांनी खोली घेणं, यात गुन्हा कशाचाच नाही. रस्त्यावर, बागेत, समुद्रकिनारी अंगचटीला जाल तर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 110 खाली अडवू शकतात. दंड किरकोळ असतो, भीती दाखवून मागितले जाणारे पैसे मोठे असतात.

खरा धोका डेटिंग अ‍ॅपवरून होणाऱ्या लुटीचा. पद्धत ठरलेली आहे. गोड बोलून खोलीवर बोलावतात, कपडे उतरले की दोघे-तिघे आत येतात, एक जण मोबाइलवर शूटिंग करतो, एक जण 'पोलीस' असतो, आणि यूपीआयवर पैसे मागतात. खरा पोलीस खोलीत यूपीआयवर दंड घेत नाही. शक्य असेल तर 112. मारहाणीची भीती असेल तर पैसे द्या, जीव वाचवा. पण बाहेर पडताच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा, पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येतात. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, चॅटचे आणि प्रोफाइलचे स्क्रीनशॉट ठेवा. घाबरून अ‍ॅप डिलीट केलं की पुरावा गेला. खंडणी भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 मध्ये येते.

झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो, म्हणजे कायद्याने आर्वीतही. पण शक्यतो मुंबईतच देऊन या. गावच्या ठाण्यात कागद जाण्याआधी चहाच्या टपरीवर बातमी जाते. एकदा पैसे दिले म्हणून व्हिडिओचं प्रकरण संपत नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा फोन येतो. दुसऱ्यांदा एक रुपया देऊ नका.

ठेचा_भाकर

वकीलसाहेबांनी मोठं सांगितलं, मी लहान सांगतो. गावाकडचा पोट्टा धोक्यानं कमी आन् मोबाइलनं जास्त पकडला जाते. खात्याले बापाचा नंबर जोडला असन तं अंधेरीच्या पबात कार्ड घासल्याबरोबर मेसेज वावरात पोचते. यूपीआयचंही तसंच, पासबुकावर दुकानाचं नाव छापून येते आन् सोसायटीच्या बँकेत पासबुक छापणारा आपलाच मावसभाऊ. रोख न्या. लोकेशन घरच्याले शेअर असन तं आधीच बंद करून ठेवा, ऐनवेळी नका करू, शंका येते. पार्टीत फोटोवाला फिरते, त्याले हातानं नाही म्हणा, आन् आयोजकालेही आधी सांगून ठेवा. इन्स्टावर टॅगची परवानगी 'कोणीच नाही' अशी करा.

आन् घरी खोटं सांगायचं तं लहान सांगा. 'मित्राकडे मुंबईले' पुरते. परीक्षा, मुलाखत असं सांगितलं की निकाल विचारतेत.

रातराणी

वरच्यात एक जोडते. कोणा एकाला तरी खरं माहीत असू द्या. पार्टीचं नाव, खोलीचा पत्ता आणि 'पहाटे तीनला मेसेज नाही आला तर फोन कर' एवढं. असं कोणीच नसेल तर आयोजकाला आधीच लिहा की पहिल्यांदा आणि एकटा येतोय. बऱ्याच आयोजकांकडे नवख्यांना चार जणांशी ओळख करून देणारे स्वयंसेवक असतात. आत गेल्यावर बारच्या कोपऱ्यात उभे राहा, नाचाच्या मध्यभागी नाही. तिथे बोलणं ऐकू येतं. कोणी हात धरला आणि नको असेल तर 'नाही' पुरे, कारण द्यायची गरज नाही. तुम्हालाही तोच नियम. इंग्रजी येत नाही म्हणून संकोच नको, अंधेरीत हिंदी-मराठीवर भागतं. कपड्यांवरून, रंगावरून, बायकी चालीवरून नाक मुरडणारे तिथेही भेटतात, त्यांच्यासाठी कव्हर भरलेलं नाही.

पऱ्हाटी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: खातं माझंच आहे, पण नंबर खरंच वडिलांचा जोडलेला आहे. एटीएममधून काढलेल्या पैशांचाही मेसेज जातो ना?

ठेचा_भाकर

जाते. अन् त्यात जागा पण येते कधी कधी. चुकाऱ्यातले पैसे आर्वीतच काढून ठेव, हप्ताभर आधी, दोन येळा करून.